फोटोत दाखवल्याप्रमाणे

तो शेवटी विकला गेला, आणि चांगल्या भावाने गेला. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरून चालू. लिलावघरातही सगळे तसंच धरून चालतात. त्याचा विषय निघाला की कोणीतरी खिडकी लावायला उठतं, आणि खिडकी आधीच लावलेली असते. तेव्हा तो विकला गेलेला नाही. तो सकाळी नेहमीसारखा कामावर आला, दाराशी पाय पुसले, पहारेकऱ्याकडे बघून मान हलवली आणि छातीच्या खिशातला राजीनामा जागेवर आहे ना हे वरूनच चाचपून बघितलं. राजीनामा जागेवर होता. तो लिहायला बायकोने मदत केली होती, म्हणजे ती समोर हाताची घडी घालून बसली होती. शनिवारी सामानाचा ट्रक यायचा होता. दुसऱ्या गावात बायकोच्या थोरल्या बहिणीचं चष्म्याचं दुकान होतं, तिथे बायको लोकांची नजर तपासायला बसणार होती, आणि तो काय करणार हे तिथे गेल्यावर ठरणार होतं. इतकी वर्षं तो जिथल्या तिथे राहिला होता ते काही त्याचं फार छान चाललं होतं म्हणून नव्हे. निघायची वेळ झाली की त्याला काहीतरी मागे राहिलंय असं वाटायचं, एवढंच. बायको म्हणायची, घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तू पुन्हा पुन्हा बघतोस, आणि आपली शेगडी विजेची आहे.

लिलावघरात त्याला मनगटराव म्हणत. कामाने तो कॅटलॉगचा मजकूर लिहिणारा. कुठल्या फुलदाणीचा कुठे टवका उडालाय, कुठल्या खुर्चीचा कुठला पाय मागाहून बसवलाय, हे तो घेणाऱ्याला राग येणार नाही अशा भाषेत लिहायचा, आणि प्रत्येक मजकुराखाली 'वस्तू फोटोत दाखवल्याप्रमाणे सुपूर्द केली जाईल' हे वाक्य घालायचा. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. आधी तिथे पानभर नियम असायचे. ते त्याने एका ओळीत बसवले म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे लिलावघराच्या मालकिणीने, सगळ्यांदेखत त्याचं कौतुक केलं होतं. पण मनगटराव हे नाव पडलं ते दुसऱ्याच कारणाने. घड्याळाचा फोटो नुसता मखमलीवर काढला तर गिऱ्हाइकाला त्याच्या आकाराचा अंदाज येत नाही, ते कोणाच्या तरी हातात दिसावं लागतं. म्हणून फोटोग्राफरने एकदा ऑफिसातल्या सगळ्यांना बाह्या सारून टेबलावर हात ठेवायला सांगितले होते, आणि बाजारात दुधी बघावेत तसे ते एकेक बघितले होते. एकाचं मनगट केसाळ, एकाचं भाजलेलं, हिशेबनिसाचं तर मनगट कुठे संपतं आणि कोपर कुठे सुरू होतं तेच कळेना. याच्या मनगटाशी तो थांबला आणि म्हणाला, हे चालेल, हे कोणाचंही असू शकेल. त्या दिवशी तो खूश होऊन घरी गेला होता. यात खूश होण्यासारखं काय होतं, असं बायकोने विचारलं होतं.

त्या सकाळचं घड्याळ राजाचं होतं. एका राजासाठी म्हणून एकच बनवलेलं, सगळं सोन्याचं, पट्टासुद्धा बारीक बारीक सोनेरी कड्या गुंफून केलेला, तबकडीवर नखाएवढा मुकुट आणि काटे शाईसारखे निळे. त्याचा मजकूर त्यानेच लिहिला होता आणि लिहिताना मजा आली होती. या राजाला म्हणे वेळेचा तिटकारा होता. दरबारात कोणी लांबण लावलं की तो हातातलं घड्याळ सोडवून खिडकीतून तळ्यात टाकायचा, आणि तळ्यातल्या बदकांना त्याची इतकी सवय झाली होती की दरबार भरला की ती लांबच्या काठाला जाऊन बसत. शेवटी राजमातेने असं एक घड्याळ करून घेतलं की ते तिच्या किल्लीशिवाय निघू नये. खटका एकदा दाबला की नुसता बंद. त्याच दमात दुसऱ्यांदा दाबला की कुलूप. किल्ली राजमातेच्या गळ्यात. राजा त्यानंतर सगळे दरबार शेवटपर्यंत बसून ऐकायचा. मरताना तो इतका बारीक झाला होता की घड्याळ आपसूकच गळून पडलं, म्हातारीने ते शेवटचं उघडून ठेवलं, आणि मग किल्ली तिच्याबरोबर गेली. हे सगळं लिहून झाल्यावर त्याने पुढे 'अशी एक दंतकथा सांगितली जाते' असं घातलं, कारण असं घातलं की मजकुराला वजन येतं आणि जबाबदारी येत नाही.

आता त्याची एक सवय होती, आणि ही सवय जगात त्याच्याशिवाय कोणाला असण्याचं कारण नव्हतं. फार पूर्वी एका फोटोत खटक्याशी केसभर फट दिसली होती, आणि त्यावरून एका गिऱ्हाइकाने पट्टा सैल आहे म्हणून मोठा तमाशा केला होता. तेव्हापासून कॅमेऱ्यामागून फोटोग्राफर 'फट' म्हणून ओरडायच्या आत तो अंगठ्याने खटका दुसऱ्यांदा दाबायचा. घड्याळ बसलं, टक. लगेच पुन्हा, टक. शेकडो घड्याळं त्याने अशी दाबली होती. त्यामुळे राजाचं घड्याळ मनगटावर आलं तेव्हा अंगठा आपल्या कामाला आपण लागला. पहिली टक नेहमीची होती. दुसरी वेगळी होती, खोल, जड, एखाद्या मोठ्या इमारतीत लांबच्या खोलीचं दार कोणीतरी हलकेच लावून घ्यावं तशी, आणि मनगटाभोवतीचं थंड सोनं एका क्षणात उबदार झालं. फोटो निघाला. छान आला. फोटोग्राफर म्हणाला, काढा. त्याने खटक्याला नख लावलं. नख तुटलं.

मग सगळं करून झालं. साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला. हिशेबनिसाने रेशमी दोऱ्याची युक्ती सांगितली, ती बोटातल्या अंगठीची युक्ती निघाली. एवढ्या ओढाताणीत मनगट सुजलं आणि पट्टा आणखी आवळला. एक म्हातारे घड्याळवाले बोलावले गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून खूप वेळ बघितलं आणि स्वतःच्या जावयाचं कौतुक करावं तशा सुरात म्हणाले, बनवणाऱ्याचं काम चोख आहे. नवी किल्ली करता येईल का असं मोठ्या बाईंनी विचारलं. येईल की, ते म्हणाले, फक्त कुलूप आतून बघावं लागेल, आणि त्यासाठी ते उघडावं लागेल, आणि त्याला किल्ली लागेल. एवढं सांगून ते चहा प्यायले आणि गेले. राहिला पट्टा कापायचा प्रश्न. मोठ्या बाई कधी आवाज चढवत नसत; लिलावाची हातोडीसुद्धा झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण टाकावं तशी टेकवत. त्यांनी त्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की राजाचं घड्याळ कापलं की ते राजाचं राहत नाही, सोनं राहतं.

"कापायचंच म्हटलं तर दोन वस्तू कापता येतात, मनगटराव," त्या म्हणाल्या. "त्यातली एक पुन्हा मिळणार नाही. दुसरी विम्यात बसते."

त्या विनोद करत होत्या की नाही हे त्याला कळलं नाही. त्या हसल्या नाहीत आणि तो हसला, आणि हसून झाल्यावर हे हसणं म्हणजे रुकार तर धरला जाणार नाही ना, या विचाराने त्याने डावा हात टेबलाखाली घेतला. सुचेना म्हणून त्याने खिशातला राजीनामा काढून पुढे केला. बाईंनी तो सावकाश वाचला, एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, खाली सही केली. म्हणाल्या, "तुमचा मंजूर आहे. घड्याळाचा नाही." म्हणजे त्या घटकेपासून तो तिथला नोकर उरला नाही, आणि बाहेर जायची मुभाही उरली नाही. नोकर असता तर संध्याकाळी सुटला असता. विमेवाल्यांनी कळवलं की घड्याळ इमारतीबाहेर जाता कामा नये आणि लिलावघर बंद झाल्यावर ते तिजोरीच्या खोलीत असलं पाहिजे. सोबतचा इसम हे त्याचं वेष्टन समजण्यात यावं. तेव्हा तिजोरीच्या खोलीत एक खाट पडली. पहारेकऱ्याला वेष्टनावर लक्ष ठेवायची ड्यूटी लागली, आणि तो बिचारा संडासाच्या दाराबाहेर उभा राहून दर थोड्या वेळाने विचारायचा, मनगटराव, आहात ना. आहे, असं आतून उत्तर द्यावं लागायचं. दिवसातून इतक्या वेळा 'आहे' म्हणायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती.

खाटेवर आडवं झालं की घड्याळ उशीतून ऐकू यायचं. आधी ते घड्याळाचं वाटायचं, मग नाडीचं, मग कुठलं कुठलं हे वेगळं काढता यायचं नाही, आणि मग तो लहान व्हायचा आणि आईने मनगट धरलेलं असायचं. आई त्याचा हात कधी धरत नसे, मनगटच धरायची. इतर आया मुलांची बोटं धरून रस्ता ओलांडत, आणि ती मुलं मधेच सुटून फुगेवाल्याकडे पळत, मार खात, रडत, पुन्हा बोट धरत. तो मात्र मनगटाला धरलेला, बाजारातून आणलेल्या पिशवीसारखा सरळ घरी पोचायचा. त्याचा तळवा मोकळा असायचा, बोटंही मोकळी, पण त्या मोकळ्या बोटांनी करण्यासारखं काही नसायचं. तो ती नुसती हलवायचा. पुढे तो मोठा झाला, आई लहान झाली, आणि हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या दुपारी तिने चादरीतून हात काढून पुन्हा मनगटच धरलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने नर्स आली, तिने बघितलं, आणि आईची बोटं एकेक करून उघडली, एखाद्या पेटीचे खटके उघडावेत तशी, सवयीने, अजिबात घाई न करता. करंगळी उघडली तेव्हा त्याला ओरडावंसं वाटलं होतं की राहू द्या, एक राहू द्या. तो ओरडला नाही. त्याने नर्सचे आभार मानले. त्यानंतर मनगटाच्या त्या जागेला वारा लागल्यासारखं वाटायचं, घरातसुद्धा, पांघरुणातसुद्धा. आणि रोजच्या कामात कोणाकोणाची घड्याळं त्या जागेवर बसली की तो वारा तेवढ्यापुरता थांबायचा. टक. लगेच पुन्हा, टक. फट दिसू नये म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा. तिजोरीच्या खोलीत फट कोणी बघत नव्हतं, तरी त्याचा अंगठा अंधारात त्या खटक्यावरून फिरत राहायचा, आणि त्या सकाळी मजकूर पाठ असूनही, दुसरी टक म्हणजे काय हे आपल्याच हाताने लिहिलेलं असूनही अंगठा थांबला कसा नाही, हा प्रश्न तो अंगठ्याला विचारायचा. घड्याळ चालू राहायचं. ते बंद पडू नये म्हणून सकाळी उठून त्याला चावीसुद्धा यानेच द्यायची, उजव्या हाताने.

शुक्रवारी बायको आली. पहारेकऱ्याने तिची पर्स तपासली, मग जरा लाजून, आत किल्लीबिल्ली असेल तर सांगा वहिनी, म्हणाला. तिने घरच्या चपला आणि पायजमे आणले होते. ती खाटेच्या कडेला बसली आणि नेहमीच्या सवयीने आधी त्याचे डोळे बघितले, खालची पापणी ओढून. मग घड्याळ बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. सुंदर आहे, म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. त्याने तिला सगळं सांगितलं, बदकं सांगितली, घड्याळवाले सांगितले, विमा सांगितला. दुसऱ्या टकेचं सांगताना तो घाईने पुढे गेला. ती तिथेच थांबली.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"लिहिलं होतं. माहीत होतं असं नाही."

"राजीनामा खिशात होता तेव्हा?"

तिने त्याचा डावा हात मांडीवर घेतला, घड्याळाला न शिवता, फक्त बोटं धरली, आणि त्याच्या लक्षात आलं की हिने लग्नानंतर इतक्या वर्षांत कधीही मनगट धरलेलं नाही. कायम बोटंच. कुठल्याही गर्दीत तिचा हात सोडून निघून जाता आलं असतं. इतकी मोकळी पकड त्याला नेहमी जराशी बेपर्वाई वाटत आली होती, आणि आता ती बोटं त्याच्या बोटांत असताना त्याला पहिल्यांदाच भीती वाटली की ही उठेल. ती म्हणाली, ट्रक उद्या सकाळी आहे, घरमालकाला किल्ल्या दिल्या आहेत, पलंग ताईच्या जिन्यातून वर जाणार नाही म्हणून विकला. मग म्हणाली, त्या घरात एक खिडकी आहे, तिच्याखाली तुझं टेबल ठेवते. मग पर्स खांद्याला लावली. दाराशी गेल्यावर वळली.

"हात राहू दे इथे," ती म्हणाली. "बाकीचा ये."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावर वेळ जातो. पण तिने ते दुकानात सांगावं तसं सांगितलं, डावा डोळा ठीक आहे, उजव्याला नंबर आहे, तशा आवाजात. आणि ती गेल्यावर तो वाक्य उलटसुलट करून बघत राहिला. बाकीचा म्हणजे कोण. मनगट वजा केलं तर खांदा उरतो, पाठ उरते, विजेच्या शेगडीला घाबरणारं डोकं उरतं, उजवा हात उरतो, दोन्ही पाय उरतात. हे सगळं मिळून चालत निघालं तर वाटेत त्याला कोणी ओळखेल का. लिलावघरात तरी नाही.

लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तसं त्यालाही ठेवलं. उंच स्टूल, पुढे मखमलीची उशी, उशीवर हात, बाही कोपरापर्यंत सारलेली. त्याच्या जागी कॅटलॉगचा मजकूर लिहायला जी नवी मुलगी घेतली होती तिने त्याच्या मजकुरात एकच ओळ वाढवली होती: 'वेष्टन मूळचं नाही.' लोक येत, भिंग लावत, वाकत. एकाने विचारलं, घाम येतो का. एक बाई म्हणाल्या, हे दुसऱ्या रंगात मिळेल का, आणि त्या घड्याळाविषयी बोलत नव्हत्या. वेष्टनाने बोलायचं नसतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो बोलला नाही. बोललो तर आवाज कोणाचा निघेल याची खात्री वाटेना. शेवटी पांढरे हातमोजे घातलेले एक सभ्य गृहस्थ आले. त्यांनी आधी कॅटलॉगमधला फोटो बघितला, मग उशीवरचा हात, मग पुन्हा फोटो, आणि फोटोग्राफरला हलक्या आवाजात विचारलं की हे मनगट कोणाचं. फोटोग्राफर चांगला माणूस होता, त्याने आठवून बघितलं असावं. मग म्हणाला, कोणाचंही असू शकेल. गृहस्थांना ते फार आवडलं.

लिलावात तो व्यासपीठावर होता. बोली वर चढत होती, समोर हात वर होत होते, आणि प्रत्येक वर जाणाऱ्या हाताकडे बघताना त्याला वाटत होतं की हा माणूस किती सहज हात वर करतो आणि किती सहज खाली घेतो. सामानाचा ट्रक केव्हाच पोचला असेल. टेबल खिडकीखाली लागलं असेल. त्याचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. तो गुडघ्यावर पडला होता, रिकामा, बोटं हलवत. त्याने तो वर केला. सभागृहात कोणीतरी खोकलं. मोठ्या बाईंची पापणीही लवली नाही. व्यासपीठावरून एक बोली आली आहे, असं त्या म्हणाल्या, आणि तेवढ्या वेळापुरता, हातोडी हवेत होती तेवढ्या वेळापुरता, तो स्वतःचा होता. त्याला इतकं हलकं वाटलं की आता घड्याळ आपसूक गळून पडेल असं वाटून त्याने खाली बघितलं. मग तिसऱ्या रांगेत पांढरा हातमोजा वर झाला. त्याने उजवा हात पुन्हा उचलायला घेतला, आणि डाव्या मनगटाखाली, जिथे वारा लागायचा तिथे, काहीतरी घट्ट, उबदार, ओळखीचं आवळलं गेलं. हात वर गेला नाही. बाईंनी हातोडी पांघरुणासारखी टेकवली. नंतर त्याने विचारलं, की मी कुठे जाणार, मी विकायला नव्हतो. त्यांनी कॅटलॉग उघडून फोटो दाखवला. सोन्याचं घड्याळ, आणि ते ज्याच्यावर आहे ते मनगट, खटक्याशी केसभरही फट नाही. खाली एक ओळ. "तुमचंच वाक्य आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गृहस्थांच्या घरी त्याला कसलाही त्रास नाही. खोली कोरडी आहे, ऊन थेट येत नाही. पाहुणे आले की हात उशीवर ठेवायचा. पाहुणे गेले की कोणीतरी मऊ फडक्याने घड्याळ पुसतं आणि ओघात मनगटही पुसतं. त्याने जेवण कमी करून बघितलं, राजासारखं बारीक व्हावं म्हणून. पण फोटोत आहे त्यापेक्षा पट्टा सैल दिसायला लागला हे गृहस्थांच्या नजरेतून सुटलं नाही, आणि ताटात दुपटीने वाढलं जायला लागलं. गृहस्थ अतिशय सभ्य आहेत. आवाज चढवत नाहीत. फक्त संग्रहातल्या वस्तूंशी ते पत्रव्यवहार करत नाहीत, तसा त्यांचा नियम आहे. आलेले अर्ज ते न फोडता वस्तूच्या कप्प्यात ठेवतात, म्हणजे वस्तूबरोबरचा कागद हरवत नाही आणि पुढे तिची किंमत वाढते. हे त्याला ठाऊक आहे. तरी सकाळी घड्याळाला चावी देऊन झाली, की तो डावा हात उशीवर नीट ठेवतो, उजव्या हाताने स्वच्छ कागद घेतो, आणि आदल्या दिवशीच्यापेक्षा एखादा शब्द कमी करून पुन्हा लिहितो:

मा. मालक, संग्रह विभाग, यांस. विषय: अंशतः सुटका मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त घड्याळ व ते धारण करणारे मनगट आपल्या मालकीचे असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि फोटोचे अवलोकन केले असता असे आढळते की फोटोत मनगटापलीकडे काहीही दाखवलेले नाही. अर्जदाराचे टेबल अन्यत्र एका खिडकीखाली लावण्यात आले असून तेथे त्याची वाट पाहिली जात आहे. तरी घड्याळ व मनगट वगळता उर्वरित अर्जदारास घरी जाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.